एक्केचाळीसाव्या पानावरचा त्रिकोण

सप्तपर्णीचा वास मला सोसत नाही. दिवाळीच्या आगेमागे भोपाळच्या बरखेड्यात रस्त्यांवर ही झाडं फुलतात, ऊन कलू लागलं की तो दाट, गोडसर, किंचित औषधी वास खिडकीतून आत शिरतो, आणि वाचनालयाच्या आमच्या एवढ्याशा खोलीत जुन्या कागदाच्या आणि डांबरगोळ्यांच्या वासात मिसळून जो काही तिसराच दर्प तयार होतो, त्याला यंदापासून माझ्या मनात एकच नाव आहे, रहस्यकथांचा वास. लोक त्या झाडाखाली थांबून कौतुकाने श्वास भरून घेतात. मी पदर नाकाला लावते आणि कुलूप उघडते.

ही खोली म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींनी कधीकाळी मागून घेतलेलं एक क्वार्टर. शनिवारी चार ते सहा ती उघडी असते. बदलीवर आलेले इंजिनियर, कारकून, त्यांच्या बायका, पुढे त्यांची हिंदीत भांडणारी आणि मराठीत जेवायला मागणारी मुलं, अशा तीन पिढ्यांनी इथली पुस्तकं हाताळली. आता मुलं मोठ्या शहरांत गेली, वाचक म्हातारे झाले आणि पुस्तकं सांभाळायला कोणी उरलं नाही, म्हणून गणपती झाल्यावर किल्ली माझ्या हातात आली. मी राहते कोटरा सुल्तानाबादला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पण निवृत्त बाईला वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा पक्का समज आहे.

किल्लीबरोबर एक पार्सलही आलं. पुण्यातल्या कुणा सद्गृहस्थांनी घर रिकामं करताना गेल्या चार-पाच वर्षांतल्या रहस्यकादंबऱ्या आम्हाला भेट दिल्या होत्या. चांगल्या जाड, गुळगुळीत, मुखपृष्ठावर धुकं किंवा रक्ताचा थेंब किंवा दोन्ही. नोंदणीआधी वाचून बघाव्यात म्हणून मी त्या एकेक करून घरी नेल्या, आणि सांगायला हरकत नाही, इतकी चिडचिड मला सरकारी नोकरीतही झाली नव्हती.

प्रत्येकीत एक पोलीस अधिकारी. त्याची बायको त्याला सोडून गेलेली, त्याला झोप येत नाही, तो काळी कॉफी पितो आणि जुनी गाणी ऐकतो. याला कधी पडसं होत नाही, साहेबाची बोलणी बसत नाहीत, मुलाच्या शाळेतून बोलावणं येत नाही. प्रेत बहुधा तरुण स्त्रीचं असतं आणि सुंदर असतं. लेखक तिच्या केसांवर, ओठांवर, मनगटातल्या बांगडीवर दोन पानं असा रेंगाळतो की मला ते पान मिटून हात धुवावेसे वाटतात. तिची आई दुसऱ्या प्रकरणात हंबरडा फोडून बेशुद्ध पडते, आणि मग साडेतीनशे पानं तिचा पत्ता नाही. ती शुद्धीवर आली का, कुणी तिला दोन घास खाऊ घातले का, मुलीच्या कपाटाचं तिने काय केलं, याची लेखकाला काही पडलेली नाही. शेवटी खुनी सापडतो, आणि तो कोण असणार हे मला तिसऱ्या प्रकरणातच कळतं, कारण त्या प्रकरणात विनाकारण प्रेमळ वागणारा एकच माणूस असतो. पकडला गेल्यावर तो हातात पिस्तूल घेऊन तेरा पानं स्वतःचं लहानपण सांगतो आणि सगळे शांतपणे ऐकून घेतात. जणू कीर्तनालाच बसलेत.

मी एकतीस वर्षं इथल्या कोर्टात स्टेनो होते. ज्या वयात मैत्रिणी कविता उतरवून घेत होत्या त्या वयापासून मी साक्षी टंकत आले. खऱ्या खुनाच्या खटल्यात कुणी सुंदर बोलत नाही. एका आईला वकिलाने चार वेळा विचारलं होतं की मुलगा घरातून किती वाजता निघाला, आणि ती चारही वेळा तेच म्हणाली, “टाइम नहीं मालूम साहब, दूध चढ़ा रखा था।” मुलगा गेला त्याची वेळ तिच्यापाशी घड्याळात नव्हती, उतू गेलेल्या दुधात होती. मी ते तसंच टंकलं आणि खाली नेहमीची ओळ टाकली की कथन वाचून दाखवलं, बरोबर असल्याचं मान्य केलं. पार्सलातल्या चाळीसेक कादंबऱ्यांत मला त्या एका वाक्याच्या तोडीचं वाक्य सापडलं नाही. म्हणून माझा राग.

आणखी एक कबुली इथेच देऊन टाकते. यातली बरीच पुस्तकं मी शेवटच्या प्रकरणापासून वाचली, आणि काही तर तेवढंच वाचून मिटली. ही खोडसुद्धा कोर्टाचीच. निकाल न्यायाधीश आधी स्टेनोला सांगतात. दुसऱ्या दिवशी दारात आरोपीची आई उभी असायची, माझ्याकडे पाहायची, आणि तिच्या मुलाचं काय होणार ते पिशवीत घेऊन मी तिच्या बाजूने निघून जायची. शेवट आधी माहीत असण्याची अशी सवय लागली की पुढे अज्ञानात राहणं मला कमीपणाचं वाटू लागलं.

आता मुद्द्याचं. वाचनालयांच्या जुन्या वाचकांची एक रीत असते. शेकड्यांनी पुस्तकं वाचली की कुठलं झालं आणि कुठलं राहिलं हे आठवत नाही, त्यातून रहस्यकथांची नावंही एका साच्यातली. म्हणून प्रत्येक जण आपलं एक ठरलेलं पान धरतो आणि पुस्तक वाचून झालं की तिथे पेन्सिलीने निशाणी करतो. कुणी एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली टिंब देतं, कुणी सातव्या पानावर तुळशीचं पान काढतं. पुढच्या वेळी कपाटापाशी उभं राहून फक्त ते पान उघडायचं, म्हणजे आपलं आपल्याला कळतं. मला ही रीत नुसती घाण वाटत आली. माझ्या लक्षात सगळं राहतं असा मला गर्व होता, आणि ज्यांच्या राहत नाही त्यांनी पुस्तकं खराब करावीत हे मला मान्य नव्हतं. नवरात्रात मी दोन खोडरबर संपवले. रहस्यकथांचं कपाट पानापानाने स्वच्छ केलं, आणि त्यानंतर परत येणारं प्रत्येक पुस्तकही तपासून, खोडून मगच आत ठेवू लागले.

एक्केचाळीसाव्या पानावर आकड्याखाली बारीकसा त्रिकोण बऱ्याच पुस्तकांत होता. तो श्रीधरकाकांचा, हे मला ठाऊक होतं. काका एक्याऐंशी वर्षांचे. कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात उभी हयात गेलेली, शर्टाच्या खिशात अजून टोकदार पेन्सिल. काकू जाऊन चार वर्षं झाली. ते अशोका गार्डनमध्ये रेल्वे लाइनीजवळच्या घरात एकटे राहतात, दर शनिवारी सिटी बसने एकटे येतात, रहस्यकथा नेतात, आणि रविवारी बंगळूरच्या मुलीला, अनघाला, फोनवर ती गोष्ट सांगतात. त्यांच्या त्रिकोणाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मला त्रिकोण तो त्रिकोण.

दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी काकांनी खाडीकाठच्या बंगल्यातल्या खुनाचं पुस्तक नेलं. पुढच्या शनिवारी परत केलं आणि म्हणाले, माझा संशय भाऊजींवर होता, पण निघाला माळी. मी पान खोडलं, पुस्तक कपाटात ठेवलं. त्यांनी दुसरं काहीतरी नेलं, आणि पंधरवड्याने पुन्हा खाडीचा बंगला. परत करताना पुन्हा म्हणाले, भाऊजींवर संशय होता. मी पुन्हा खोडलं. दिवाळीनंतर तेच पुस्तक तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आलं तेव्हा माझ्या जिभेला राहवलं नाही.

“काका, हे तुम्ही तिसऱ्यांदा नेताय.”

मागे दोन बायका उभ्या होत्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुस्तक उचललं, एक्केचाळीसावं पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांजवळ नेलं, उलटलं, परत उलटलं. कागदावर अंगठा फिरवत राहिले.

“इथे माझी निशाणी नाही,” ते म्हणाले. “मी करतो. दर वेळी करतो.”

बरोबर बोलत होते. त्यांनी दोनदा केली होती आणि दोन्ही वेळा मी खोडली होती. माझं सबंध आयुष्य ज्या इमारतीत गेलं तिथे पुराव्याला हात लावला तर काय होतं हे शिपायालाही माहीत असतं. मी एवढंच म्हणायचं होतं की काका, चूक माझी आहे. त्या दोन बायका ऐकत होत्या, आणि मी रजिस्टरात डोकं घालून तारीख लिहिली. काका पुस्तक न घेता गेले. पार्सलातल्या कुठल्याही खुन्याइतकी मी थंड डोक्याने वागले, आणि माझ्यापाशी सांगायला तेरा पानांचं लहानपणही नव्हतं.

बुधवारी अनघाचा फोन आला. नंबर तिने वसाहतीतल्या मराठी मंडळींपैकी कुणाकडून तरी मिळवला होता. भोपाळातच वाढलेली मुलगी, तिची मराठी तशीच. म्हणाली, “मावशी, बाबा मला सेम स्टोरी सांगतायत, बार-बार. तुम्हाला काही वाटतं का?” मग तिने हळूहळू बाकीचं सांगितलं. कामवाल्या बाईने दोनदा दुधाचं पातेलं जळून काळं झालेलं पाहिलं होतं. अनघा शुक्रवारी येणार होती, शनिवारी बाबांबरोबर वाचनालयात येणार होती, आणि वाटलं तसं असेल तर त्यांना बंगळूरला घेऊन जाणार होती. तिथे अकराव्या मजल्यावर, मराठी अक्षर नसलेल्या गावात, हे तिने नव्हे, मी मनात म्हटलं.

आणि मग मी साक्ष दिली. म्हटलं, अगं, ती पुस्तकंच सगळी एका छापाची. तोच बंगला, तोच भाऊजी, तोच माळी. तीन वेगळी वाचली तरी ऐकणाऱ्याला एकच गोष्ट तीनदा ऐकल्यासारखी वाटणार. माझं मत होतं, मनापासूनचं होतं, कुणी विचारलं नसतं तरी मी ते सांगत सुटले असते. त्या दिवशी मात्र ते मी एका माणसाला वाचवायला वापरलं, आणि वापरताच ते खोटं झालं. फोनवर अनघा हसली. दुधाच्या पातेल्याबद्दल मी काहीच बोलले नाही. दूध उतू गेल्याची साक्ष मी एकदा शब्दनशब्द टंकली होती, आणि या वेळी ऐकून सोडून दिली.

गुरुवारी दुपारी कुलूप उघडून एकटीच बसले. रजिस्टरातून काकांनी नेलेली पुस्तकं शोधली, ढीग लावला, पट्टी आणि पेन्सिल घेतली आणि एकेका एक्केचाळीसाव्या पानावर त्रिकोण काढू लागले. खाली आडवी रेघ, वर दोन तिरक्या. बाहेर ऊन पिवळं होऊन झाडांवर थांबलं होतं, तो मेला वास येत होता, कारखान्याचा भोंगा झाला, सायकली आणि स्कूटर घराकडे वळल्याचे आवाज आले, आणि मी साठी उलटलेली बाई शाळकरी पोरीसारखी जीभ दातात धरून खोटे पुरावे तयार करत होते. हात इतका सवयीने चालत राहिला की पार्सलातलं एक कोरं पुस्तक ढिगात मिसळलेलं माझ्या ध्यानात आलं नाही. ते अजून कुणीच नेलेलं नव्हतं. त्याचा शेवट मी वाचला होता, फक्त शेवट.

शनिवारी दोघं आली. अनघा गोड मुलगी आहे, तिच्यावर रागावण्यासारखं काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. तिने वडिलांचा हात धरला नव्हता, पण तिचा हात सारखा त्यांच्या कोपराच्या आसपास होता. ती कपाटापाशी गेली, दोन-तीन पुस्तकं चाळली, एक काढून काकांपुढे धरलं. “बाबा, हे वाचलंय?” मी ते पुस्तक पाहिलं. तेच होतं, कोरं.

काकांनी एक्केचाळीसावं पान उघडलं. त्रिकोणाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, फार नाही, एकदाच.

“वाचलंय,” ते म्हणाले. “शेवट पटला नाही मला.”

अनघाच्या चेहऱ्यावरून जे उतरलं ते मी कुठल्याही कादंबरीत वाचलेलं नाही. ती म्हणाली, मावशी, तुम्ही बरोबर होतात, ही सगळी एकसारखीच दिसतात. सोमवारी ती विमानाने एकटी परत गेली.

त्यानंतरचा आठवडा मी नीट जेवले नाही. आपणच निशाणी केली असेल असं समजून माणूस न वाचलेल्या पुस्तकावर मत देतो, म्हणजे तो स्वतःपेक्षा त्या पेन्सिलीच्या रेघांवर जास्त विश्वास ठेवतो, आणि त्या रेघा माझ्या होत्या. त्यांच्या घरी गॅस आहे, जिना आहे, पलीकडे रेल्वे लाइन आहे. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायची. न वाचलेल्या पुस्तकांवर मतं तर मीही कितीतरी दिली होती, चारचौघांत, ठणकावून. मला कुणी बंगळूरला नेणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी साडेपाच झाले तरी काका आले नाहीत. मी तीनदा दारापर्यंत जाऊन आले. आले तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. एक स्टॉप पुढे गेलो, चालत परत आलो, असं म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, पाणी प्यायले, आणि ते कोरं पुस्तक मागितलं.

मी आणून दिलं. त्यांनी एक्केचाळीसावं पान उघडून टेबलावर सपाट केलं आणि हात पुढे केला. “खोडरबर द्या.”

दिला. त्यांनी माझा त्रिकोण अगदी हलक्या हाताने, कागद न चुरगाळता खोडला, फुंकर मारली. मग खिशातली पेन्सिल काढून रजिस्टराच्या कोपऱ्यात एक त्रिकोण काढला. तो एका टोकावर उभा होता, सपाट बाजू वर. ड्रॉइंगमध्ये एखादी बाजू यंत्रावर घासून पूर्ण करायची असली की तिथे अशी निशाणी देतात, त्यांनी समजावलं. चाळीस वर्षं हेच काढत आलो. “तुमचा बसलेला आहे, सुलभाताई. सगळ्या पुस्तकांत बसलेला आहे.”

म्हटलं, काका, तुमचे मी खोडले होते. ते म्हणाले, ते कळलं होतं. म्हटलं, मग अनघासमोर वाचलंय का म्हणालात?

“मला जायचं नव्हतं,” काका म्हणाले. पेन्सिल खिशात ठेवून म्हणाले, “पण पातेली मीच जाळली आहेत. आणि आज स्टॉप चुकला तो चुकलाच.”

बाहेर भोंगा झाला. काकांनी पुस्तक उचलून बगलेत घेतलं आणि उभे राहिले.

“हे वाचतो. पुढच्या शनिवारी तुम्हाला शेवट सांगतो. बरोबर आला तर निशाणी मी करीन, ती खोडू नका. नाही आला तर अनघाला फोन तुम्ही करायचा. मी विसरेन.”

मी हो म्हटलं. रजिस्टरात त्यांचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. पुन्हा एकदा शेवट आधीच माझ्या हाती आहे. त्या पुस्तकात खुनी कोण हे मला माहीत आहे, आणि पुढच्या शनिवारी ते सांगू लागतील तेव्हा त्यांच्या ओठांकडे मी कशी पाहीन हेही मला आत्ताच दिसतं. पण त्या माणसाने खून का केला, त्याआधीच्या तीनशे पानांत कोण कुणाशी कसं वागलं, मेलेल्या मुलीच्या आईचं पुढे काय झालं, यातलं मला काहीच ठाऊक नाही. एकच प्रत होती, ती काका घेऊन गेले. पहिल्यांदाच मला एखादं पुस्तक सुरुवातीपासून वाचावंसं वाटलं.

काका पायऱ्या उतरले. मी खिडकीशी गेले. पदर नाकाला लावायचं भान राहिलं नाही, तो वास सरळ छातीत गेला. झाडाखालून ते हळूहळू फाटकापर्यंत पोहोचले आणि तिथे थांबले, पुस्तक एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. बसस्टॉप उजवीकडे आहे. मी खिडकीचे गज धरून उभी होते. हाक मारावी का नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. काका बराच वेळ तसेच थांबले, मग उजवीकडे वळले.